'रेन चेक' घेतला म्हणजे येणार की नाही?

रामबागवाली

आठ दिवस झाले, एक इंग्रजी वाक्य मनातून जात नाही. इथे रोज इंग्रजीत काम करणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते. जरा सविस्तर सांगते, नाहीतर नेमकं कुठे अडलंय ते कळायचं नाही.

मी इंदूरची, रामबागेत राहते. घरूनच महेश्वरी साड्या विकते, यंदा अठरा वर्षं होतील. एप्रिलमध्ये एक अमेरिकन मुलगी माझ्याकडे आली. महेश्वरच्या हातमागांवर काहीतरी अभ्यास करते आहे. खोली इंदुरात घेतली आहे, आठवड्यातून दोनदा बसने महेश्वरला जाऊन येते. पहिल्याच दिवशी मी तिला बुगडीचा काठ दाखवला. साडी उलटी नेसली तरी हा काठ सुलटाच दिसतो, हे कळल्यावर ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि काठ इकडून तिकडून पालटून पंधरा मिनिटं नुसती बघत राहिली. चहा गार झाला. अठरा वर्षांत माझ्या साडीकडे इतकं मन लावून कुणी बघितलं नव्हतं. तेव्हापासून तिचं येणं-जाणं सुरू झालं. माझ्या पुतणीचं ऐकून ऐकून मला 'काकू' म्हणायला लागली.

आखाड संपत आला होता. शेजारच्या हिंदी घरांतला सावन कधीच लागला, आपला श्रावण पंधरा दिवस मागून येतो, म्हणजे तळणीला अजून वाव होता. म्हटलं, हिलाच बोलवू आणि आखाड तळू. मंगळवार ठरला, संध्याकाळी साडेसात. दुपारीच कापण्या करून घेतल्या, गुळाच्या पाण्यात घट्ट कणीक भिजवून, वरून खसखस लाटून. चक्का आदल्या रात्रीच टांगला होता, त्याचं श्रीखंड केलं. भरली वांगी केली. तिखटमिठाच्या पुऱ्या मात्र ती आली की गरम गरम तळायच्या, म्हणून कणीक मळून झाकून ठेवली आणि कढईत तेल ओतून ठेवलं.

सहाच्या सुमाराला पाऊस आला. असा आला, की समोरच्या घराचा ओटा दिसेना. पावणेसातला तिचा मेसेज: 'सो सॉरी काकू, कॅन आय टेक अ रेन चेक टुनाइट?'

यातला एकही शब्द मला नवा नाही. रेन म्हणजे पाऊस, चेक म्हणजे तपासणं, टुनाइट म्हणजे आज रात्री. बाहेर धो धो पाऊस. मला वाटलं, पोरगी पावसाचा अंदाज घेऊन निघणार आहे, उशीर होईल म्हणून सॉरी म्हणते आहे. मी लगेच लिहिलं, 'यस यस, नो हरी, वी आर वेटिंग.' तिने एक लाल बदाम पाठवला.

साडेआठला पाऊस थांबला. नऊला मी तेल बारीक आचेवर ठेवलं. साडेनऊला ह्यांचं ताट वाढलं. मी सव्वादहापर्यंत थांबले. तोवर कणीक पार सैल पडली होती. पुऱ्या फुगेनात, नुसतं तेल प्यायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पुतणीला मेसेज दाखवला. ती म्हणाली, 'काकू, ती नाही म्हणाली होती गं.' एवढं बोलून कॉलेजला निघून गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. नाही म्हणायचं तर त्यात पाऊस कुठून आला? आणि हा नकार कसला आहे? आज जमत नाही असा, की तुमच्याकडे जेवायला यायचंच नाही असा? मी काही वावगं बोलले का? तिला तोंडावर विचारायला जीभ रेटत नाही. ती पण त्या दिवसापासून आलेली नाही.

पलासियाकर

ताई, वाईट वाटून घेऊ नका. 'आज जमत नाही, पुन्हा कधीतरी' एवढाच त्याचा अर्थ. पावसाशी काही संबंध नसतो, कडक उन्हातसुद्धा म्हणतात. आमच्या ऑफिसात अमेरिकेच्या टीमबरोबर कॉल असतात, तिथे आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. मनावर घेऊ नका.

नेहरू स्टेडियम, पूर्व गॅलरी

वरच्या उत्तरातला अर्थ बरोबर आहे, पण पावसाशी संबंध नाही हे मला पटत नाही. संबंध आहे, आणि तो कळला की ताईंच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

मुलीकडे ओहायोत दोनदा राहून आलो. जावयांच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, बेसबॉलचे वेडे. त्यांनी जुन्या सामन्यांची तिकिटं वहीत चिकटवून ठेवलेली होती. माझं क्रिकेटचं वेड कळल्यावर त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. तिकिटाचा फाडायचा एक तुकडा आणि हातात उरायचा दुसरा. त्या उरलेल्या तुकड्यावर छापलेलं होतं, 'रेन चेक'.

बेसबॉल पावसात होत नाही. लोक तिकीट काढून येऊन बसलेले, आणि पाऊस आला तर? १८८० च्या दशकात तिथल्या मैदानांवर पद्धत पडली, की पावसाने सामना बुडाला तर हातातला तुकडा दाखवून पुढच्या एखाद्या सामन्याला फुकट बसायचं. हा तुकडा म्हणजे रेन चेक. सामना ९ डावांचा. फार वर्षं नियम असा होता, की ५ डाव पुरे झाले तर सामना झाला असं धरायचं, मग तुकड्याला किंमत नाही. त्याआधी पाऊस आला तर तुकडा चालणार. त्यामुळे चौथ्या-पाचव्या डावाला आभाळ भरून आलं की लोक ढगांकडे बघायचे आणि खिशातला कागद चाचपायचे, असं ते गृहस्थ सांगत होते.

पुढे मैदानातला हा शब्द बोलण्यात आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लोक जेवणाखाणाच्या आमंत्रणालाही तेच म्हणायला लागले. म्हणजे तुमचा सामना आज मला बघता येत नाही, पण माझं तिकीट फाडून टाकू नका.

तुमच्या प्रश्नावरून मला २५ डिसेंबर १९९७ आठवला. माझ्या नावावरून कळलंच असेल. भारत-श्रीलंका, आपल्या इंदूरचं नेहरू स्टेडियम. आम्ही चौघं भाऊ थंडीत पहाटेपासून रांगेत होतो, डब्यात पोहे आणि वर शेव. ३ षटकं झाली आणि खेळ थांबला. पाऊस नाही, काही नाही, स्वच्छ ऊन. खेळपट्टीवरून चेंडू कसाही उसळत होता. रणतुंगा आत आला, सचिन आला, पंच, सामनाधिकारी, सगळे वाकून वाकून खेळपट्टी बघत होते, आणि सामना रद्द झाला. धोकादायक खेळपट्टीमुळे रद्द झालेला तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. लोकांसाठी मग २५ षटकांचा प्रदर्शनी सामना खेळवला. आम्ही तोही शेवटपर्यंत बघितला, पण खऱ्या सामन्याची भूक त्याने कशी भागणार? धाकटा भाऊ तिकिटाचा तुकडा हातात धरून विचारत होता, 'दादा, आता याचं काय करायचं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओहायोत ती वही बघितली तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला.

ताई, त्या मुलीने तुमच्याकडे तोच तुकडा मागितला आहे.

रामबागवाली

दादा, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, आणि ह्यांनाही वाचून दाखवलं. तेही त्या दिवशी स्टेडियमवर होते. 'खरं आहे, पोहेच होते सगळ्यांच्या डब्यात,' एवढं म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

म्हणजे इथला चेक तपासण्याचा नव्हेच. क्लोकरूमवर सामान ठेवलं की पावती देतात, तशातला आहे. हे कुणी आधी सांगितलं असतं तर तेल तापवत बसले नसते.

आता पुढचं विचारते. ही पावती कोण कुणाला देतं? ती 'टेक' म्हणाली, म्हणजे घेणारी ती. मग देणारी मी झाले का? आणि दिली असेल तर आता बोलवायचं कुणी, मी की तिने? आपल्याकडे एकदा बोलावलं आणि पाहुणा आला नाही, तर पुन्हा बोलावणं यजमानानेच करायचं असतं. त्यांच्याकडे काय रीत आहे? मी पुन्हा बोलावलं तर तिला मागे लागल्यासारखं तर वाटणार नाही?

लष्करच्या बाई

मी ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागात राहते. सव्वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. रामबागच्या ताई, तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

आधी चेकचं. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो. त्यात बँकेचा चेक वेगळा लिहितात आणि तपासण्याचा वेगळा, म्हणून हे दोन वेगळेच शब्द आहेत असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. अमेरिकेत दोन्हींचं स्पेलिंग एकच. शिवाय तिथे कोट ठेवायला दिला की मिळणारा बिल्ला तोही चेक, सामानाची पावती तीही चेक. त्यामुळे तिथल्या माणसाला 'रेन चेक' ऐकून पाऊस तपासण्याची कल्पनाच मनात येत नाही. तुमच्या मनात ती आली, आणि बाहेर पाऊस पडत होता. यात तुमच्या इंग्रजीचं काही चुकलेलं नाही. सुटे शब्द तुम्हाला सगळे येत होते, शब्दांची ही जोडी आधी भेटली नव्हती इतकंच.

आता देणं-घेणं. पाहुणा म्हणतो, 'आय विल टेक अ रेन चेक' किंवा 'कॅन आय टेक अ रेन चेक ऑन डिनर?' कशाचा, ते सांगायला 'ऑन' लावायचं. यजमान म्हणू शकतो, 'आय विल गिव्ह यू अ रेन चेक.' म्हणजे देणाऱ्या तुम्हीच. दुकानांतही हा शब्द आहे. जाहिरातीतली स्वस्तातली वस्तू संपली असेल तर दुकानदार चिठ्ठी देतो, माल आला की ये, याच भावात देईन. तीही रेन चेकच.

एक गंमत बघा. मैदानावर सामना बुडायचा तो मैदानाच्या बाजूने, प्रेक्षक बिचारा येऊन बसलेलाच असायचा. बोलण्यात मात्र उलटं झालं आहे. सामना तयार आहे, तेल तापलं आहे, आणि प्रेक्षकालाच यायला जमत नाही. तरी पावती त्याच्याच हातात जाते. म्हणून माझ्या मते पावती जिच्या हातात, तारीख तिने सुचवायची. पण यजमानाने आपण होऊन वार सुचवला तर त्यात मागे लागणं मुळीच नाही. उलट पावती अजून चालते आहे असं तिला कळतं.

कुठे वापरू नये तेही सांगते. हा घरगुती, मैत्रीतला बोल आहे. साहेबांच्या औपचारिक पत्राला उत्तर देताना शोभत नाही. आणि जे पुन्हा होणार नाही त्याला तर वापरताच येत नाही. जेवणाला, चहाला, फिरायला जायला रेन चेक घेता येतो. लग्नाला नाही, सांत्वनाला नाही. इंग्लंडमध्ये हा शब्द कमी ऐकू येतो, मूळ खेळच तिथला नाही.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं काय, असं मला विचाराल तर, 'तुमच्याकडचं जेवण उधार राहिलं हं.' मी मुलींना हेच सांगायची. उधार म्हटलं की देणं लागतं, आणि आपण ते विसरलेलो नाही हेही त्यात येतं.

मांडवीजवळचा

बाईंचा मान राखून थोडं वेगळं सांगतो. मी बडोद्याचा, पण नऊ वर्षं न्यू जर्सीत काढून परत आलो. पहिल्या दिवाळीला ऑफिसातल्या एकाला फराळाला बोलावलं. 'रेन चेक,' म्हणाला. मीही असाच अर्थ शोधून काढला आणि खूश झालो. नाताळच्या सुट्टीत बोलावलं, रेन चेक. पाडव्याला बोलावलं, रेन चेक. चौथ्यांदा बोलावलं नाही. त्यानेही कधी विषय काढला नाही. माणूस वाईट नव्हता, माझ्या मुलाला सायकल चालवायला त्यानेच शिकवलं. पण कुणाच्या घरी जाऊन जेवणं त्याला नको होतं आणि तसं तोंडावर म्हणणं त्याला जमत नव्हतं.

आपण नाही का म्हणत, 'येऊ एकदा निवांत'? त्यातलं किती येणं खरं असतं? म्हणून ताईंनी फार आशा धरू नये असं मला वाटतं. ते वाक्य ऐकून काही ठरवू नका. त्याच्या मागून एखादा वार, एखादी तारीख येते का ते बघा. आली तर खरं.

लष्करच्या बाई

तुमचा अनुभव मी नाकारत नाही, आणि शेवटचं तुम्ही म्हणालात ते मला मान्य आहे. पण तुमच्या सहकाऱ्याने तीन पावत्या घेतल्या. या मुलीने एकच घेतली आहे. एका पावतीवरून माणसाबद्दल इतकं ठरवू नये. शिवाय ती 'सो सॉरी काकू' म्हणाली आहे. नकोच असतं तर 'थँक्यू' म्हणून विषय संपवता आला असता.

ताई, तुम्हीच एक वार सुचवून बघा. लिहा, 'युवर रेन चेक इज गुड धिस फ्रायडे.' इथे 'गुड' म्हणजे चांगला नव्हे. चालणारा, मुदतीतला. तिकिटाला, कुपनाला ते 'गुड' असंच लावतात. तिला लगेच कळेल, की काकूंना आपलं बोलणं समजलं.

नेहरू स्टेडियम, पूर्व गॅलरी

बाईंशी सहमत. पुऱ्यांची कणीक मात्र या वेळी ती दारात आल्यावरच भिजवा.

रामबागवाली

काल रात्री बाईंनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं. पाठवायच्या आधी पुतणीकडून एकदा बघून घेतलं. बटण दाबताना हात थरथरत होता, खरं सांगते.

दोन मिनिटांत तिचा फोन आला. मेसेज नाही, फोनच. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, मध्ये मध्ये 'काकू, काकू'. त्या मंगळवारी ती महेश्वरहून दुपारच्या बसने निघून चारलाच इंदुरात पोचणार होती, पण माग लावायचं काम बघत बसली आणि बस चुकली. नंतरची मिळाली, तर धामनोदच्या पुढे घाटात एक ट्रक आडवा झाला होता. पाऊस, अंधार, फोनला रेंज येऊन-जाऊन. रेंज आली त्या अर्ध्या मिनिटात तिने तेवढं एक वाक्य पाठवलं. घरी पोचायला तिला रात्रीचे साडेअकरा झाले.

मग मी विचारलं, माझं उत्तर वाचून तुला काय वाटलं? 'वी आर वेटिंग' लिहिलं होतं ना मी. ती म्हणाली, तिला वाटलं काकू म्हणतायत, तू कधीही ये, आम्ही तुझी वाट बघतोच आहोत. म्हणून तो बदाम पाठवला. त्या अंधाऱ्या बसमध्ये तिने माझं ते वाक्य शेजारच्या बाईलाही दाखवलं होतं म्हणे.

मी त्याच वेळी तेल तापवत बसले होते, हे मी तिला सांगणार नव्हते. पण ती खोदून खोदून विचारायला लागली, की मेन्यू काय होता, मग सांगावं लागलं. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, पुऱ्या मला शिकवा, मी तळेन, तुम्ही बसून खा. आठ दिवस का आली नाहीस, तेही विचारून घेतलं. भिजल्यामुळे तापाने पडून होती. खोलीवर एकटी. मला कळवलं असतंस तर भात-वरण घेऊन आले असते, असं मी रागावून मराठीतच बोलले. तिला कळलं असावं.

मांडवीजवळचे दादा, तुम्ही म्हणालात ना वार बघा म्हणून? वार मीच सुचवला होता, पण वेळ तिने सांगितली. शुक्रवारी सकाळी दहालाच येते, स्वयंपाकाच्या आधी. श्रावणातला पहिला शुक्रवार आहे, जिवतीची पूजा असते, म्हणून पुरण घालणार आहे. पुरण वाटायला तिला बसवीन.

आखाड संपला, तळण आता नाही. पण त्या दिवशीच्या कापण्या डब्यात आहेत, त्या टिकतात. सात उरल्या आहेत. तिच्यासाठी वरच्या फडताळात काढून ठेवल्यात.